आईचं चाटण, माझी गोळी

कुठून झालं, कसं झालं, कोणाकडून झालं, हे मी इथे लिहिणार नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे तेवढ्यासाठी वाचत असाल तर तुमचा वेळ वाया जायला नको. दवाखान्यांच्या बाकड्यांवर शेजारी बसलेल्या बायकांनी मला हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारला, आणि त्यातल्या एकीलाही माझ्या उत्तराचा काही उपयोग नव्हता. मला एचआयव्ही आहे. रोज एक गोळी घेते. एका गोळीत तीन औषधं असतात. मधल्या काळात ह्या गोळीची आणि माझ्या आईची जुंपली, आणि दोघींच्या मध्ये मी सापडले. ती गोष्ट सांगायची आहे.

माझं नाव सुजाता समजा. डोंबिवली पश्चिमेला कोपरच्या बाजूला आम्ही मायलेकी पाळणाघर चालवतो. आई पूर्वी मसाल्याच्या कंपनीत पॅकिंगला होती. वडील गेले, माझा घटस्फोट झाला, मी परत आले, आणि दोघींनी घरातच हे सुरू केलं. मुलांचे आईबाप सकाळी साडेसहालाच पोरं आमच्या हातात कोंबून स्टेशनकडे पळतात. एक रडतंय, एकाला शी आलीय, एकीचा बूट सापडत नाहीये. मला असलंच काम झेपतं. एका जागी बसायला सांगितलं की माझ्या अंगात मुंग्या येतात. हे लिहितानासुद्धा मी दोनदा उठून गॅलरीत जाऊन आले.

*

सुरुवात नागिणीपासून झाली. पाठीवर एका बाजूला पट्टा उठला, आग आग. आईने गेरू उगाळून लावला. मंत्र-उतारे आमच्या घरात चालत नाहीत, बाबासाहेबांच्या फोटोखाली असली थेरं करायची नाहीत हा तिचा कायदा आहे, पण गेरू चालतो, ओवा चालतो, आणि काढा तर पंतप्रधानांनी येऊन नको म्हटलं तरी चालतो. नागीण बसली. मग ताप यायला लागला. तोंड आलं ते जाईना. वजन उतरलं. आमचे डॉक्टर मला फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखतात. त्यांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या आणि लिहिताना मान वर केली नाही.

डोंबिवलीत रक्त द्यायचं म्हणजे लॅबमध्ये कोणाची तरी वहिनी असणार, म्हणून मी कल्याणला गेलेले. रिपोर्ट बंद पाकिटात मिळाला. बाहेर येऊन भाजी मार्केटच्या कोपऱ्यावर उभं राहून फाडला. वाचला. पुन्हा वाचला. मग समोरच्या गाडीवाल्याकडून एक मोठी पिशवी भरून वाटाणे घेतले. का घेतले ते विचारू नका. हाताला काहीतरी काम हवं होतं. घरी येऊन मुलांच्या घोळक्यात बसून सगळे सोलले. आई म्हणाली, एवढ्या वाटाण्यांचं काय लोणचं घालणार आहेस का. मी म्हटलं, भात करू. संध्याकाळी भात झाला, मला एक घास गेला नाही.

आईला सांगितलं नाही. माझी आई वाईट नाही हो, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. दारात उभी राहून ती मुलांच्या आयांना सगळं सांगते. माझा घटस्फोट कसा झाला ते आमच्या इमारतीला कोर्टाच्या आधी कळलेलं. हेही तिने एकीला सांगितलं असतं, बिचारी रडून मोकळी होण्यासाठीच, आणि आठवड्याभरात आमच्या सतरंजीवर एक पोर उरलं नसतं. मांडीवर घेतल्याने, भरवल्याने, एका ताटात जेवल्याने हे होत नाही, हे मला नंतर उपचाराच्या सेंटरवर नीट समजावून सांगितलं. पण पोरांच्या आईबापांना ते समजावेपर्यंत कोण थांबणार?

*

उपचाराला मी ठाण्याचं एआरटी सेंटर धरलं, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात ते सरकारी केंद्र. जवळचं सोडून लांबचं, कारण उघड आहे. तिथलं रूटीन ठरलेलं. वजन, मग खोकला-ताप-घाम विचारणार, मग उरलेल्या गोळ्या मोजणार, मग समुपदेशक मॅडमकडे बसायचं, मग नवीन डबी. रांगेत कोणी कोणाकडे बघत नाही आणि तरी सगळे सगळ्यांना बघतात. पहिल्या दिवशी मी इतक्यांदा उठून पाणी प्यायले की मॅडमनी मला त्यांच्याच खोलीत, पंख्याखाली एक खुर्ची दिली. म्हणाल्या, इथे बस, इथून दार दिसतं, पळून जायचं असेल तर सोपं पडेल. मी हसले. रिपोर्ट आल्यापासून पहिल्यांदाच हसले.

घरी सांगितलं, थायरॉईड आहे. हे मला फार हुशारीचं वाटलेलं. थायरॉईड आजकाल घराघरात असतो, कोणी घाबरत नाही, आणि त्याची गोळी रोज सकाळी अनशापोटी असते. म्हणून मीही माझी गोळी सकाळी अनशापोटी घ्यायला लागले. डबीवरचं लेबल खरवडून काढलं. आईसमोर उजळ माथ्याने गोळी घेता यायला लागली. सुरुवातीला झोप उडाली, चित्रविचित्र स्वप्नं पडायची, मग ते ओसरलं. तोंड बरं झालं. वजन चढलं. वर्षाच्या आत मॅडमनी सांगितलं की तपासणीत विषाणू सापडत नाही. म्हणजे गेला नाही, दबलाय, गोळी चालूच ठेवायची. मला त्यातलं ‘सापडत नाही’ एवढंच ऐकू आलं. त्या दिवशी ठाण्यात एकटीने बसून मिसळ खाल्ली आणि वर दोनदा तर्री मागितली.

*

मग आईने मनावर घेतलं. थायरॉईडवाल्यांना अशक्तपणा येतो, केस जातात, हाडं ठिसूळ होतात, असं तिला खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी सांगितलं. काकूंना स्वतःला थायरॉईड, म्हणजे तज्ज्ञच की. आई कल्याणला काष्ठौषधीच्या जुन्या दुकानात गेली आणि दोन प्रकारच्या पुड्या घेऊन आली. एक मंडूर भस्म, म्हणजे लोह. दुसरं शंखभस्म, म्हणजे चुना, कॅल्शियम. रोज सकाळी मधात कालवून त्याचं विटकरी रंगाचं चाटण करायची आणि वाटी घेऊन माझ्यासमोर उभी राहायची. माझी गोळी मोठी आहे, घशाला घासून जाते, मी रोज तोंड वाकडं करायचे. ते तिने पाहिलेलं. म्हणाली, अगं चाटणाबरोबर घे ना, सरकन जाईल. आणि खरंच सरकन जायची. मला तर बरंच वाटलं. आई गोळी घ्यायला मदत करतेय, तिला माहीत नसलं म्हणून काय झालं, असं मनात येऊन एकदा डोळे भरलेले.

असं कित्येक महिने चाललं. मग पुढची तपासणी झाली आणि सेंटरवरून फोन आला, येऊन भेटा.

विषाणू पुन्हा सापडायला लागला होता. डॉक्टरांनी आकडा सांगितला, तो माझ्या डोक्यात शिरलाच नाही. मॅडमनी विचारलं, गोळ्या चुकतात का. मी म्हटलं नाही. त्यांनी डबी ओतून मोजल्या, बरोबर निघाल्या. तरी त्यांनी पुन्हा विचारलं, अगदी हळू आवाजात, की काही जणी कंटाळतात, गोळी टाकून देतात आणि आम्हाला मोजून दाखवतात, तसं असेल तर सांग, इथे कोणी रागावणार नाही.

माझं डोकंच सणकलं. एक दिवस चुकवला नव्हता. पोरं तापाने फणफणलेली असताना, आईचा पाय मुरगळलेला असताना, माझी गोळी चुकली नव्हती. आणि ही बाई मला खोटारडी म्हणतेय. मी उठून बाहेर गेले, जिन्याच्या दोन फेऱ्या मारल्या, वाटलं असंच निघून जावं. पण डबी टेबलावर राहिली होती. परत आले.

मॅडमनी मग वेगळंच विचारलं. म्हणाल्या, चुकलं-बिकलं राहू दे, सकाळी उठल्यापासून काय काय करतेस ते सांग. मी चिडूनच सांगितलं. उठते, दात घासते, मुलांच्या पेजेचं आधण ठेवते, चाटणाबरोबर गोळी घेते, दार उघडते...

“थांब,” त्या म्हणाल्या. “कसलं चाटण?”

*

मला दर खेपेला विचारलं जायचं, दुसरी औषधं चालू आहेत का. मी नाही सांगायचे. खोटं नव्हतं ते. मला चाटण औषध वाटतच नव्हतं. आपल्यात कोणाला वाटतं? ते आईने दिलेलं असतं.

डॉक्टरांनी साध्या शब्दांत सांगितलं. लोह आणि कॅल्शियम पोटात ह्या गोळीतल्या एका औषधाला पकडून ठेवतात, ते रक्तात पुरतं उतरत नाही. त्यातून मी अनशापोटी, एकाच घोटाला दोन्ही घेत होते. कॅल्शियमच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, ॲसिडिटीचं ते गुलाबी औषध, सगळ्यांचं असंच असतं. एरवी आमची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी लागते. पण माझ्या बाबतीत त्यांनी सगळंच बंद करायला सांगितलं. म्हणाले, भस्मामुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तीन महिने फक्त गोळी घे, मग पुन्हा तपासू. तेव्हा खाली आलं तर ठीक. नाही आलं तर ही गोळी तुझ्यावर चालेनाशी झाली असं समजून औषध बदलावं लागेल. आणि ह्या काळात चुकून जरी भस्म गेलं, तर गोळी हरली की भस्म आडवं आलं, हे आम्हाला कळणारच नाही.

मला ही गोळी गमवायची नव्हती. दिवसातून एकदा, एकच, सोसलेली. बदललं तर दुसरं काय मिळेल, किती वेळा घ्यावं लागेल, सोसेल का, काही माहीत नव्हतं. आणि ती गोळी हरली तर मी पुन्हा त्या तापात, त्या आलेल्या तोंडात परत जाईन, अशी धास्ती बसली. घरी येताना मी लोकलच्या दारापाशी उभी राहून मनात एकच घोकत होते, आईला काय सांगू.

सांगितलं अर्धवटच. डॉक्टर म्हणाले थायरॉईडच्या गोळीला भस्म चालत नाही. ते खरंही आहे म्हणे, जवळ जवळ घ्यायचं नसतं. पण आई कसली ऐकते. म्हणाली, जोशीकाकू दोन्ही घेतात, त्यांचं काय वाकडं झालं? मग म्हणाली, चल, मी येते तुझ्या डॉक्टरकडे, मीच विचारते. मी ओरडले. तीही ओरडली. दारात एका मुलाची आई उभी होती, ती म्हणाली, मी नंतर येऊ का.

त्यानंतर आईने चाटण बंद केलं. निदान मला तसं वाटलं. दोन-तीन आठवडे गेले. मी जरा मोकळा श्वास घ्यायला लागलेले. मग एका सकाळी गोळी घेतली आणि पाण्याचा तांब्या ठेवायला आत गेले, तर आई माझ्या नाचणीच्या खिरीत पुडी झटकत होती. नाचणीत विटकरी रंग दिसतो थोडाच. तिने मला पाहिलं आणि पुडी पदराखाली घेतली, एखादं पोर बिस्किट लपवतं तशी.

*

त्या दिवशी मी खीर खाल्ली नाही. दुपारी पोरं जेवून सतरंजीवर झोपली, तेव्हा तिला आतल्या खोलीत बसवलं. आवाज चढवायची सोय नव्हती. कदाचित म्हणूनच सांगता आलं.

“आई, मला थायरॉईड नाही. मला एचआयव्ही आहे. ती गोळी त्याची आहे. तुझ्या भस्माने ती लागू पडेना झालीय.”

कोणाकडून, ते तिने विचारलं नाही. आजपर्यंत विचारलेलं नाही. म्हणाली, कधीपासून. मी सांगितलं. मग तिने बोटांवर काहीतरी हिशेब केला, आणि तिचा चेहराच उतरला.

“म्हणजे रोज सकाळी मी तुला...” ती म्हणाली. आणि मग ती संतापली. “मला सांगितलं असतंस तर मी दिलं असतं का गं?”



त्यानंतर ती माझ्याशी बोलेना. मुलांशी बोलायची, कामापुरतं माझ्याशी. दोरीवर माझा टॉवेल एका टोकाला गेला. मी सुरी घेतली की ती हातातून काढून घ्यायची आणि म्हणायची, राहू दे, मी चिरते. माझं बोट कापेल म्हणून, की कापलं तर काय म्हणून, मी विचारलं नाही. मला इतकं लागलं, इतकं लागलं की मी पोरांना गॅलरीत नेऊन उगाच मोठमोठ्याने गाणी म्हणवून घ्यायचे. दारात तिचा कोणाशी आवाज आला की मी हातातलं टाकून धावायचे, काय बोलतेय ऐकायला. ती पावसाळ्यातल्या बुटांबद्दल बोलत असायची. एका शब्दाने तिने कोणाला काही सांगितलं नाही. जोशीकाकूंकडे जाणंच बंद केलं. आईने बोलणं गिळायला शिकावं ह्याहून विचित्र गोष्ट मी पाहिलेली नाही.

मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, आईला घेऊन ये. आई आली, दार बंद करून त्यांच्याशी बराच वेळ बोलली. मी बाहेर. काय बोलली मला सांगितलं नाही. घरी आल्यावर तिने माझा टॉवेल तिच्या टॉवेलशेजारी वाळत घातला आणि चहा ठेवला. मग उरलेल्या पुड्या माझ्यासमोर बेसिनमध्ये ओतल्या आणि नळ सोडला.

*

तुमच्यापैकी कोणी ही गोळी घेत असेल तर एवढं करा. जे जे तोंडात जातं ते सगळं सेंटरवर सांगा. काढा, चूर्ण, भस्म, मेडिकलमधून आणलेली कॅल्शियमची डबी, ॲसिडिटीचं औषध, शक्तीचं टॉनिक, कोणी प्रेमाने दिलेलं तर आधी सांगा. औषध वाटत नसलं तरी सांगा. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे गेलात तर ही गोळी चालू आहे हे तिथेही सांगा. आणि रिपोर्ट बिघडला म्हणून रागाने गोळी सोडू नका. माझी सोडायची फार इच्छा झालेली. सोडली नाही, ते बरं झालं.

पुड्या ओतल्या त्या दिवसापासून तीन महिने पुन्हा मोजायचे ठरले, ते मी कसे काढले माझं मला माहीत. दिवसभर पोरं होती म्हणून निभावलं. ताप आलाय का म्हणून स्वतःच्याच कपाळाला हात लावून बघायचे. तोंड आलंय का म्हणून आरशात जीभ बघायचे. पोरांपैकी एकीने मला तसं बघितलं आणि दिवसभर सगळी पोरं एकमेकांना जिभा दाखवत फिरत होती.

रिपोर्टच्या दिवशी आईने पाळणाघराला सुट्टी दिली. आयांना काय कारण सांगितलं, देव जाणे. आम्ही दोघी ठाण्याला गेलो. तिला बाहेर बाकड्यावर बसवून मी आत गेले. डॉक्टरांनी कागद बघितला, पुन्हा बघितला, आणि म्हणाले, सापडत नाही. ही गोळी चालू ठेवायची. मी त्यांना दोनदा विचारलं, हीच ना? हीच, ते म्हणाले. मॅडम मागून म्हणाल्या, आता तरी बस जरा. मी बसले नाही. आईला सांगायला बाहेर पळाले.

आई बाकड्यावर नव्हती. पलीकडच्या बाकड्यावर एक मुलगी बसली होती, कॉलेजची असेल नसेल, तोंडावर ओढणी, खांदे हलत होते. आई तिच्या शेजारी जाऊन बसलेली. मला बघून तिने नजरेने विचारलं. मी म्हटलं, सापडत नाही. आईने डोळे मिटले, मान हलवली, आणि पुन्हा त्या मुलीकडे वळली.

“ही माझी मुलगी,” आई तिला म्हणाली. “हिला एचआयव्ही आहे. बघ कशी पळत आली.” आजूबाजूला दहा माणसं होती. आईच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते. “घरी सांगितलंस का?”

मुलीने मान हलवली, नाही.

“आईला सांग. रागावेल. रागावू दे. नाही सांगितलंस तर ती तुला बरं करायला बघेल, आणि स्वतःच्या हाताने...” तिने त्या मुलीचा हात तसाच धरून ठेवला.

मुलीने ओढणी जरा खाली केली आणि विचारलं, “तुम्ही रागावलात ह्यांच्यावर?”

“रागावले,” आई म्हणाली. “बोलतच नव्हते. टॉवेलसुद्धा वेगळा केला हिचा. मलाही वेळ लागला गं.”